हिरडीतला स्क्रू

गुण्यामिस्त्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं अवजार, आणि हा माणूस कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी दाराची चौकट बघायचा, मग घरातली माणसं. चौकट जराशी कलती निघाली की पुढ्यातला चहा त्याला गोड लागायचा नाही. मग लोक नाव ठेवणार नाहीत तर काय करतील? त्यालाही ते आवडायचं. कपाटं, पलंग, खिडक्या, जिन्याचे कठडे, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं, आणि त्याने बसवलेलं दार घासतंय किंवा खण अडकतोय असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

असा हा हाताचा पक्का माणूस, पण मनाचा इतका भित्रा की विचारू नका. फिरत्या करवतीजवळ बोटं नेताना त्याची पापणी हलायची नाही, आणि डॉक्टरची पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालायचा. त्यातही दातांचा डॉक्टर म्हटलं की पाचावर धारण. "पोटाचा डॉक्टर निदान बाहेरून दाबून बघतो," तो म्हणायचा, "हे लोक थेट आत हात घालतात."

आणि नेमके दातच त्याच्या मुळावर उठले. चाळिशी उलटल्यावर हिरड्या सुजायला लागल्या, चूळ भरली की बेसिनमध्ये लाल. त्याने कानाडोळा केला. दात हलायला लागले, तरी कानाडोळा. शेवटी एके दुपारी कामाच्या शेडमध्ये सफरचंदाचा चावा घेतला, सफरचंद तोंडापासून लांब केलं, तर समोरचा दात त्यातच उभा! शेजारचाही मागोमाग गेला. वरचे, समोरचे, ऐन दर्शनी दोन. पायोरिया म्हणतात त्या दुखण्याने आतलं हाड खाल्लं होतं आणि मिस्त्रीला पत्ता नव्हता.

त्यानंतरचा काळ कसा गेला ते त्याच्या बायकोला विचारा. हा माणूस हसायचाच थांबला. गिऱ्हाईक आलं की पाठमोरा होऊन रंधा मारत बोलायचा. घरी ताट उचलून भिंतीकडे तोंड करून जेवायचा, आणि बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायचा. बायको काही बोलायला गेली की "तुला नाही कळायचं" म्हणून उठून जायचा. एक दिवस तिचा पारा चढला. "अहो, मी लग्न तुमच्याशी केलंय, तुमच्या पाठीशी नाही," ती म्हणाली, आणि दंडाला धरून त्याला दाताच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, बोलायला शांत. तिने आधी हिरड्यांचा उपचार केला, खूप दिवस चालला तो. मग समजावलं की हाडात धातूचे दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना घट्ट धरतं, आणि त्यावर दात लावायचे. इंप्लांट म्हणतात त्याला. स्क्रू हा शब्द कानावर पडला आणि इतका वेळ खुर्चीचे हात आवळून बसलेला मिस्त्री सैल झाला. "स्क्रू होय? मग मला समजलं," तो म्हणाला. त्याला समजलं नव्हतं, आणि सगळं रामायण घडलं ते तिथूनच.

दात बसले ते मात्र झकास बसले. आरशावरचा टॉवेल निघाला. मिस्त्री इतका हसायला लागला की गिऱ्हाइकं वैतागली. मोजमापाला गेला तरी हसायचा, कुणी कपाटाचा रंग विचारला तरी हसायचा. बायको म्हणायची, "पुरे झालं आता, लोक म्हणतील मिस्त्रीचं डोकं फिरलं." पण तीही खूश होती. त्याचं ताट भिंतीकडून पुन्हा तिच्या समोर आलं होतं.

डॉक्टरीणबाईने निघताना बजावून सांगितलं होतं. "काका, दात गेले म्हणजे हिरड्यांचा आजार गेला असं समजू नका. तो झोपलाय, मेलेला नाही. धातूला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला लागते. तिथं रोज नीट ब्रश फिरवायचा, मधल्या फटीत हा बारीक ब्रश घालायचा, आणि दर सहा महिन्यांनी मला येऊन दाखवायचं." मिस्त्रीने मान डोलावली. आपण सगळेच डॉक्टरपुढे डोलावतो तशी, मान तिथे आणि जीव दारातल्या चपलांकडे.

कारण मनात त्याचा स्वतःचा हिशेब पक्का होता. लाकडात बसवलेला स्क्रू एकदा आवळला की त्याला पुन्हा छेडायचं नाही. त्याच्याजवळ पाणी जाऊ द्यायचं नाही. लाकूड सादळतं, फुगतं, वाळलं की आखडतं, आणि दोन-चार वेळा असं झालं की भोक मोठं होतं आणि स्क्रू खेळायला लागतो. बिजागरीपाशी ओलं फडकं फिरवणाऱ्या किती बायकांना त्याने झापलं होतं! तोच कायदा त्याने स्वतःच्या तोंडाला लावला. बाकीच्या दातांवर ब्रश असा खसाखसा चालवायचा जसं काही पलंगाला पॉलिश करतोय, पण समोरच्या दोघांपाशी आला की उडी मारून पलीकडे. चूळ भरायची ती दोन्ही गालांत, मधे पाणी नाही. आणि जेवण झालं की कोरड्या रुमालाच्या टोकाने ते दोन दात हळूच टिपून घ्यायचे. बारीक ब्रश कपाटात पडून राहिला, आणि सहा महिन्यांनी दाखवायचं तर त्याने कधीच सोडून दिलं.

आता ह्याला काय म्हणावं? अरे बाबा, तोंड ते, चोवीस तास ओलं! तिथली ओल टाळून तू जाणार कुठं? पण माणूस एकदा आपल्या धंद्यातलं शहाणपण घेऊन दुसऱ्याच्या धंद्यात शिरला की त्याला कोण अडवणार. शिवाय त्याच्याकडे परीक्षाही होती. रोज सकाळी तो नखाने त्या दातांवर टिचकी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. मग अंगठ्याने दाबून बघायचा. दोघे खणखणीत. "माझ्या हाताला जोड कळतो," तो बायकोला सांगायचा.

पहिल्यांदा रुमालाला रक्त लागलं तेव्हा त्याच्या काळजात धस्स झालं. ठिपका एवढासा होता, पण तो लाल रंग त्याच्या चांगला ओळखीचा होता. त्याने घाईघाईने टिचकी मारली. खणखणीत. अंगठ्याने दाबलं. जागचा हलला नाही. जीव भांड्यात पडला, पण रुमाल त्याने धुवायला टाकला नाही, खिशात कोंबला. त्या दिवसापासून टिपणंही बंद. जेवताना, जणू बायकोनेच काही केलंय अशा आवाजात, त्याने जाहीर केलं, "जिथं रक्त येतं तिथं हात लावायचा नाही. खपली धरू द्यायची. एवढं साधं लोकांना कळत नाही."

"कुणाला कळत नाही?" बायकोने विचारलं.

"लोकांना," तो म्हणाला आणि खाली मान घालून जेवत राहिला.

मग सुरू झाली ती भीती. उठल्याबरोबर जीभ आपोआप तिथे जायची आणि हिरडी कालच्यापेक्षा जास्त फुगलेली लागायची. तोंडात सारखी खिळ्याची चव. सुतार माणूस, आयुष्यभर ओठात खिळे धरलेले, त्या चवीत त्याची चूक होणं शक्य नव्हतं. आरशात ओठ वर करून बघितलं तर दोन्ही दातांच्या कडेची हिरडी गुलाबी नाही, जांभळट आणि चकचकीत. मग टिचकी. खणखणीत. मग थोडा वेळ बरं वाटायचं आणि दुपारपर्यंत जीभ परत तिथेच. दवाखान्यात जावं असं रोज मनात यायचं, आणि त्याच्या मागोमाग यायचं की डॉक्टरीणबाई बघेल आणि म्हणेल, काढायला हवेत. ती म्हणालीच नाही तर निघणार नाहीत, असं काहीतरी वेड्यासारखं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पुन्हा ते थोबाड, पुन्हा ती भिंत.

शेडमध्ये त्याच्या सोबत एक पॉलिशवाला काम करायचा. वर्षानुवर्षांची दोस्ती, तोंडाला फाटक नाही असला माणूस. एका कपाटाचं दार दोघांनी मिळून उचललं, समोरासमोर तोंडं आली, आणि पॉलिशवाल्याने मान फिरवली.

"मिस्त्री, रागावू नकोस, पण तुझ्या तोंडाला वास येतोय."

"तू दिवसभर थिनर हुंगतोस आणि मला वासाचं सांगतोस?"

"म्हणून तर सांगतोय. थिनरवर मात करून येतोय म्हणजे बघ."

पॉलिशवाला हसला. मिस्त्रीही हसायला गेला आणि मधेच ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तो भुशापासून जपायचं निमित्त करून दिवसभर नाकातोंडाला फडकं बांधायला लागला. भुसा तर तो वीस वर्षं बिनफडक्याचा गिळत आला होता. पॉलिशवाल्याने ते पाहिलं, आणि एरवी बडबड करणारा तो माणूस एक अक्षर बोलला नाही. त्याने तर मिस्त्रीची भीती जास्तच वाढली.

आणि मग एका दुपारी डबा खाताना उजवा दात हलला. हललाच. घास नरम होता, भाताचा, तरी हलला. मिस्त्रीने डबा तसाच झाकला. डोकं भराभर चालायला लागलं. दात वेगळा, आतला स्क्रू वेगळा, हे डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं. म्हणजे वरचा दातच ढिला झाला असेल. म्हणजे काय, नुसता आवळायचा! आवळणं तर आपलं रोजचं काम. पॉलिशवाला बाहेर सामान आणायला गेला तेव्हा त्याने शेडचं दार लावून घेतलं, साबणाने हात धुतले, बोटं कोरडी केली, आणि अंगठा नि तर्जनीत तो दात धरून हलकेच उजवीकडे फिरवला.

फिरला. आणखी थोडा फिरवला. फिरला, पण आवळला नाही.

फिरतो पण आवळत नाही म्हणजे काय, हे सुताराला कुणी सांगावं लागत नाही. स्क्रू शाबूत आहे, लाकूड गेलं. इतक्या घरांत, इतक्या दारांपाशी त्याने मान हलवून लोकांना हेच सांगितलं होतं, "ह्यात आता काही धरत नाही." तो भुशाच्या ढिगावर मटकन बसला. तोंडात रक्त जमा होत होतं आणि ते थुंकायचीही हिंमत होईना, थुंकीबरोबर दात बाहेर आला तर? त्याने रक्त गिळलं. पॉलिशवाल्याने बाहेरून दार ठोठावलं तेव्हा "आलो" म्हणायला त्याला तोंड उघडवेना.

घरी त्याने पोटाचं निमित्त केलं. पातळ भात, पातळ डाळ, तेही चमच्याने कडेच्या कडेने. बोलणं बंद, नुसतं हूं आणि ऊंहूं. बायको बघत होती. असल्या बाबतीत बायका काही बोलत नाहीत तोवर माणसाने समजावं की त्यांना सगळं कळलंय. सकाळी उशी बदलताना तिला अभ्र्यावर पिवळा-लाल डाग दिसला. तिने अभ्रा त्याच्यासमोर धरला.

"दाखवा."

"काही नाही गं."

"काही नाही तर दाखवायला काय होतंय?"

त्याने ओठ वर केला. ती अभ्रा पलंगावर टाकून म्हणाली, "चला." आणि इतका मोठा हा माणूस, मुकाट्याने निघाला. वाटेत एकदा तो थबकला, "काढतील गं ते," म्हणाला. तिने हाताची पकड सोडली नाही.

डॉक्टरीणबाईने बारीक सुई हिरडीत घातली आणि ती आत गेली, जातच राहिली. मग फोटो काढला. पडद्यावर दोन पांढरे स्क्रू, त्यांचे आटे लख्ख दिसत होते, आणि भोवती हाड असायला हवं तिथे काळं. उजव्याभोवती सगळंच काळं. डाव्याभोवती अर्ध्यापर्यंत.

"काका, उजवा गेलाय," ती म्हणाली. "काढावा लागेल."

"पण टिचकी मारली की खणखणीत वाजायचा! रोज बघत होतो मी. परवापर्यंत हलत नव्हता."

"टोकाला थोडं जरी हाड उरलं असलं तरी तो घट्टच वाजतो. आपला दात बिचारा आधी हलून सांगतो. हा शेवटपर्यंत सांगत नाही. सांगते ती हिरडी, रक्त येऊन. ते येत होतं ना?"

मिस्त्री लहान पोरासारखा म्हणाला, "मी तर तिथं पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. ब्रशसुद्धा नाही. इतकं जपलं."

डॉक्टरीणबाई हसली नाही, रागावलीही नाही. "त्यानेच झालं, काका," ती म्हणाली. "तिथं घाण साचत गेली. पहिल्यांदा रक्त आलं तेव्हाच आला असता तर नुसती सफाई करून भागलं असतं."

उजवा काढला. इंजेक्शनामुळे दुखलं नाही, पण किती सहज आला हे त्याला जाणवलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिने तो ट्रेमध्ये ठेवला. मिस्त्रीने मान वळवून बघितलं. एकही आटा झिजला नव्हता. स्क्रूला काही म्हणजे काही झालं नव्हतं. डाव्याची हिरडी उघडून तिने आतली घाण खरवडून काढली, धुतलं, टाके घातले.

"हा राहील?" त्याने जड जिभेने विचारलं.

"खोटं नाही सांगत. राहील की नाही मला माहीत नाही. रोज साफ ठेवला तर शक्यता आहे. आणि ऐका, सुरुवातीला रक्त येईल. आलं तरी थांबायचं नाही."

टाके निघाल्यावरची पहिली सकाळ. मिस्त्री बेसिनसमोर उभा, हातात बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू म्हणावं असा तो बारीक ब्रश. ब्रश फटीपाशी नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. हाच एक उरलाय, हा गेला तर सगळं गेलं, एवढंच डोक्यात. बायको दारात पदराला हात पुसत उभी होती. शेवटी त्याने डोळे मिटून ब्रश आत सरकवला, आणि डोळे उघडले तर पांढऱ्या बेसिनमध्ये रक्ताची रेघ ओघळत होती.

"येतंय गं," तो म्हणाला.

"येऊ दे. बाईंनी सांगितलंय ना, थांबायचं नाही. घाबरू नका हो. मलाही येतं."

ब्रश तोंडातच राहिला. "काय येतं?"

"रक्त. ब्रश करताना."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. तुम्हीच म्हणालात, जिथं रक्त येतं तिथं हात लावायचा नाही. मग मी नाही लावत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधेपणाने. "घरभर तुमचीच भीती होती. त्यात माझी कुठे ठेवू?"

त्याने तिला खिडकीपाशी आणलं, उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि तिचा खालचा ओठ अंगठ्याने खाली केला. हिरडी जांभळट, चकचकीत. तिने जिभेने आतून एक दात ढकलून दाखवला. तो हलला. आपल्या उजव्या स्क्रूच्या वेळीही मिस्त्रीचं तोंड असं पांढरं पडलं नव्हतं. त्याच्या ओठावर फेस तसाच, हनुवटीवर रक्ताचा ओघळ.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"दवाखान्यात."

"अहो, तोंड तरी धुवा! आणि इतक्या सकाळी उघडलेला नसणार तो."

मिस्त्रीने दाराचं कुलूप उचललं होतं, हातातून दोनदा पडलं ते. "मग दारात बसू," तो म्हणाला.